मापुतोत, नोएमियाच्या कवितांमागून

शनिवार

आदिस अबाबाहून आलेलं विमान दुपारी मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला उतरलं. घ्यायला दादा आला होता. हा माझा मावसभाऊ, मूळचा वेंगुर्ल्याचा, काजूच्या धंद्यातला. सिंधुदुर्गातले आणि गोव्यातले कारखाने वर्षभर चालवायला आपल्याकडचं बी पुरत नाही, आफ्रिकेतून कच्चा काजू मागवावा लागतो. त्या खरेदीसाठी तो आणि वहिनी इथे राहतात. घरी पोचल्यावर मी लगेच वह्या काढायला लागले तर वहिनी म्हणाल्या, "आधी जेव गो, मगे बोलूया." माशाची आमटी, भात आणि इथली पद्धत म्हणून मातापा, म्हणजे कसाव्याचा पाला शेंगदाण्याच्या कुटात आणि नारळाच्या रसात शिजवलेला. आमच्या जिभेला परका वाटावा असं त्यात काहीच नव्हतं.

मी आले ती नोएमिया द सोझा या कवयित्रीसाठी. जन्म 1926, खाडीपलीकडच्या काटेंबेला. मृत्यू 2002, पोर्तुगालमधल्या काश्काइशला. मोझांबिकमध्ये तिला 'कवींची आई' म्हणतात, आणि या आईने आपल्या जवळजवळ सगळ्या कविता 1948 ते 1951 या काळात, पंचविशी गाठेपर्यंत लिहून टाकल्या. वडिलांचं घराणं पोर्तुगीज, आफ्रिकी आणि गोंयकार रक्ताचं. आई एका जर्मन माणसाची आणि रोंगा या इथल्या जमातीतल्या बाईची लेक. जुनी जमिनीची कागदपत्रं वाचता यावीत म्हणून मी पणजीत पोर्तुगीज शिकले. पण भाषा आल्यावर कागदपत्रं मागे पडली आणि ही बाई हाताला लागली. गोव्याशी इतकं जवळचं नातं असलेली कवयित्री आपल्याकडे कुणाला माहीत नाही, हे मला फार लागलं.

रविवार

काटेंबेला निघालो. पूर्वी बोटीशिवाय वाट नव्हती. नोव्हेंबर 2018 मध्ये चिनी कंपनीने बांधलेला झुलता पूल सुरू झाला. मधला गाळा 680 मीटरचा, आणि पाण्यापासून इतका उंच की खालून मालवाहू जहाजं जातात. दादाने गाडी हळू चालवली. डावीकडे मापुतोचे मनोरे, उजवीकडे खाडीचं रुंद, मातकट पाणी.

नोएमियाची बालपणावरची एक मोठी कविता आहे. ती सुरू होते समुद्राकाठच्या मोठ्या घरात, भर दुपारी, हिंदी महासागरावर ऊन तळपत असताना झालेल्या आपल्या जन्माने. आणि पुढच्याच ओळींमध्ये येतात भारतीय कोळी. त्यांचे मचवे अजून परतलेले नाहीत, भरलेली जाळी ओढत ते यायचे आहेत. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून उठून उभी राहिले होते. हे कोळी गोव्याचे. काटेंबेला गोंयकार मासेमाऱ्यांची वस्ती होती, त्यांचे वंशज आजही आहेत. 1752 पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत होता. त्या इतिहासात व्हाइसरॉय आणि कप्तानांची नावं सापडतात. जाळी ओढणारा माणूस सापडतो तो या कवितेत.

किनाऱ्यावर भरती उतरत होती. वाळूपेक्षा चिखल जास्त. दोन बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कोळंबीचं बारीक जाळं झाडत होत्या. कंबरेला कापुलाना, म्हणजे इथल्या बायकांचं ते छापील रंगीत वस्त्र, वर खोचून घट्ट बांधलेलं. एकीच्या पाठीला दुसऱ्या कापुलानात गुंडाळलेलं मूल झोपलं होतं. ती वाकली की मूलही वाकत होतं, पण जागं होत नव्हतं. कवितेत धक्क्यावर अशाच बाया आहेत: उन्हाने मलूल झालेल्या, डोक्यावर गाठोडी, पाठीला शेंबडी पोरं. मधे पाऊणशे वर्षं गेली.

तिच्या त्या कवितेतली पोरंटोरं मला सगळ्यात आवडतात. काळी, गोरी, मिश्र रक्ताची, भारतीय. धोबिणीची, पाववाल्याची, होडीवाल्याची, सुताराची. सगळी मिळून उनाडणारी. रात्री म्हातारीभोवती फेर धरून बसणारी, आणि तिने 'कारिंगाना वा कारिंगाना' म्हणून गोष्ट सुरू केली की आ वासून ऐकणारी. ही पोरं म्हणजेच आपलं पहिलं कुटुंब असं ती मानते. मोठेपणी वाटा तुटल्या, पण एक दिवस ऊन आयुष्यभर पसरेल आणि सगळ्यांसाठीच नवं बालपण उगवेल, असं ती शेवटी म्हणते. विशीतल्या मुलीची आशा म्हणून कुणी ती सोडून देईल. मी सोडत नाही. ज्या राजवटीत माणसांची कातडीवरून वर्गवारी होत होती, 'सुधारलेला' असा कागद मिळवल्याशिवाय काळ्या माणसाला नागरिकाचे हक्क नव्हते, तिथे पोरांच्या त्या कळपाला आपलं कुटुंब म्हणणं ही राजकीय गोष्ट होती.

तिचं घर नेमकं कुठे होतं ते आम्हाला सापडलं नाही. किनाऱ्यावर एका खानावळीत तळलेली कोळंबी खाल्ली आणि अंधार पडायच्या आत परतलो. जूनमध्ये इथे पाचलाच काळोख होतो.

सोमवार

सकाळी कोपऱ्यावरच्या बाईकडून पावात घातलेली गरम भजी घेतली. चवळीच्या वाटणाची असतात. कढई, झारा, वर्तमानपत्राचा तुकडा, सगळं ओळखीचं. ती खातच मी रेल्वे स्टेशनवर गेले.

हे स्टेशन 1910 मध्ये सुरू झालं. हिरवटसर घुमट, पांढरे कठडे, लोखंडी नक्षी. हा घुमट आयफेलचा असं पर्यटकांना हमखास सांगतात, ते खरं नाही. पण मला घुमटापेक्षा फलाट पाहायचा होता. 'मागाइसा' नावाची तिची कविता या फलाटाची आहे. मागाइसा म्हणजे जोहान्सबर्गच्या सोन्याच्या खाणींत मजुरी करून परतलेला माणूस. दक्षिण मोझांबिकच्या खेड्याखेड्यातून पिढ्यान् पिढ्या पुरुष खाणीत गेले. पोर्तुगीज सरकारचे त्याबद्दल करार होते, दर मजुरामागे सरकारला पैसा मिळत होता. गावात राहावं तर शिबालो, म्हणजे सक्तीची वेठ. मग खाण बरी, असं म्हणून माणूस गाडीत बसायचा.

कवितेच्या सुरुवातीला जाहिरातीच्या पत्रकातली निळी-सोनेरी सकाळ या खेडवळ पोराला गिळून टाकते. स्टेशनावर गोऱ्यांचा न कळणारा गोंगाट, इंजिनाचे फुत्कार. मग एक दिवस तीच गाडी धापा टाकत परत येते. तो उतरतो. अंगात ओव्हरकोट, गळ्यात मफलर, पायात पट्ट्यापट्ट्यांचे मोजे. नोएमिया त्याला विचारते, स्वप्नांचं गाठोडं कुठे राहिलं रे? पेट्यांमध्ये नुसती खोटी चकाकी भरून आणलीस. तारुण्य आणि तब्येत तिकडे खाणीत गाडली गेली, आणि आता ती कुठल्याशा शहराच्या झगमगत्या रात्री कुठल्याशा बाईच्या गळ्यात ताऱ्यांसारखी चमकतील.

मी फलाटावरच्या बाकावर बसून ती पूर्ण वाचली. समोर उपनगरी गाडी लागलेली होती, माणसं पोती आणि कोंबड्या घेऊन चढत होती. कविता किती अचूक बांधली आहे ते तिथे बसल्यावर कळलं. खाणीत काय झालं याबद्दल एक अक्षर नाही. गाडी जाते, गाडी येते. मधली वर्षं आपण पेटीवरून आणि मोज्यांवरून ओळखायची.

स्टेशनासमोरच्या चौकातून बागामोयो रस्ता निघतो. त्या काळी तो आराउजो रस्ता होता, खलाशांचे बार आणि वेश्यावस्तीसाठी बदनाम. 'बंदरावरच्या पोरी' ही तिची कविता इथली. मुन्युआना, शिपामानीने अशा वस्त्यांतल्या पत्र्याच्या आणि बोरूच्या झोपड्यांतून पळून आलेल्या मुली यात स्वतः बोलतात, आणि 'आम्ही' म्हणून बोलतात. दलित कविता वाचलेल्या मराठी माणसाला हा स्वर लगेच ओळखू येईल. इथे कुणी त्यांची कणव करत नाही. नोएमियाच्या घरात पुस्तकं होती, ती शाळेत गेलेली, नोकरी करणारी मुलगी. तरी त्या 'आम्ही'मध्ये ती स्वतःला वगळत नाही. माझ्या मते ही तिच्या कवितेतली सर्वांत धाडसाची जागा. 1949-50 मधल्या वसाहतीत सुशिक्षित घरातल्या अविवाहित मुलीने असं लिहिणं म्हणजे काय, ते आपल्याकडच्या त्या पिढीच्या बायका सांगू शकतील.

आता रस्ता दिवसा शांत असतो. जुन्या इमारतींचे लोखंडी सज्जे, खाली एखादं गॅरेज, एखादं चित्रांचं दालन. रात्रीचं मला ठाऊक नाही.

मंगळवार

वहिनींबरोबर हस्तकलेच्या बाजारात गेले. झाडीखाली मांडलेले गाळे, वेताच्या टोपल्या, बाटिक. मला माकोंडे या उत्तरेकडच्या जमातीचं लाकूडकाम हवं होतं. तिच्या बहुतेक सर्वांत प्रसिद्ध कवितेत ती म्हणते, मला ओळखायचं असेल तर उत्तरेकडच्या कुणा अनोळखी माकोंडे भावाने कोरलेला हा काळ्या लाकडाचा तुकडा नीट बघ. रिकाम्या खोबणीचे डोळे, वेदनेने फाटलेलं तोंड, विनवणी आणि धमकी एकाच वेळी देणारे उंचावलेले मोठे हात.

एक कारागीर जमिनीवर बसून काम करत होता. लाकूड पायाच्या तळव्यांत धरलेलं. वाकसाने तो साल काढत होता. बाहेरचं लाकूड पिवळट, आणि दोन बोटं आत गेल्यावर एकदम काळंभोर. माणसांवर माणसं रचलेला खांब होता तो. कुणाचा खांदा कुणाची मांडी होते ते शोधत मी बराच वेळ बघत राहिले. वहिनींनी शेवटी विचारलं, "ह्यातला मुख्य कोण?" त्याला प्रश्न कळल्यावर त्याने हसून मान हलवली, मुख्य कुणीच नाही.

मी तो खांब घेतला नाही, घेण्याजोगी किंमत नव्हती. एक छोटा मुखवटा घेतला.

बुधवार

मफालाला. या दिवसासाठीच मी आले होते.

वस्तीतल्याच तरुणांनी चालवलेल्या संस्थेचा एक मुलगा वाटाड्या म्हणून बरोबर होता. 2019 मध्ये त्यांनी इथे वस्तीचं संग्रहालय उभं केलं आहे. फुटबॉलपटू युझेबियो इथला. स्वतंत्र मोझांबिकचे पहिले राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल इथे राहिलेले, दुसरे राष्ट्राध्यक्ष शिसानोही. कवी जुझे क्रावेरिन्या इथला, आणि नोएमिया. एवढी माणसं एका वस्तीतून निघाली याचं आश्चर्य सगळे करतात. मला त्यात आश्चर्य वाटलं नाही. लोरेन्सो मार्केस (मापुतोचं तेव्हाचं नाव) दोन तुकड्यांचं होतं: सिमेंटचं शहर गोऱ्यांचं, आणि बोरू-पत्र्याचं शहर बाकीच्यांचं. मफालाला त्या सीमेला अगदी खेटून. शहरात दिवसभर राबणारा, वाचणारा, ऐकणारा माणूस संध्याकाळी इथे परत येत होता.

गल्ल्या दोन माणसं कशीबशी जातील एवढ्या. लाकडी चौकटींवर ठोकलेल्या पन्हाळी पत्र्यांची घरं. यामागे नुसती गरिबी नाही. या वस्त्यांत पक्कं बांधकाम करायला मनाई होती. तुम्ही इथले नाही, केव्हाही उठवू, हे घराच्या भिंतीलाच सांगून ठेवलेलं. काही लोक पत्र्याच्या आतून गुपचूप विटांची भिंत रचत, असं तो मुलगा म्हणाला. अशाच एका घराच्या भिंतीला मी हात लावून पाहिला. पत्र्याचे थर एकावर एक, गंजून पातळ झालेले. खिळ्याभोवती कुणीतरी डांबर लावलेलं. एका भोकात कापडाची बोळी कोंबलेली. आतून रेडिओवर फुटबॉलचं समालोचन चालू होतं.

नोएमियाचं घर त्याने दाखवलं, तेही लाकूड-पत्र्याचंच. मी तिथे उभी राहून रेडिओची कविता वाचली. मोझांबिकची उबदार रात्र, लांबून येणारे मारिंबाचे सूर. लाकूड-पत्र्याच्या घरात ती रेडिओ लावते, आणि अमेरिकेतून पॉल रोबसन आणि मॅरियन अँडरसन या काळ्या गायकांचे आवाज येतात. 'माझ्या लोकांना जाऊ दे' हे गुलामांचं जुनं भजन. ती लिहायला बसते, आणि तिच्याभोवती ओळखीची माणसं गर्दी करतात: खरबरीत हातांची, थकल्या चेहऱ्याची आई, आणि अपमान, बंडं, दुःखं. हार्लेमचे, न्यूयॉर्कच्या त्या काळ्या वस्तीचे, आवाज येत राहतील तोवर मला झोप लागायची नाही, असं ती म्हणते.

कविता कुठून येते, याचं तिने दिलेलं हे उत्तर आहे असं मला वाटतं. प्रतिभा, स्फूर्ती असलं काही ती बोलत नाही. एक आवाज समुद्रापलीकडून येतो, दुसरा शेजारच्या गल्लीतून. त्या दोन्हींच्या मधे एक मुलगी लेखणी घेऊन बसलेली असते, आणि तिला उठता येत नाही.

'काळी बाई' या कवितेत ती आणखी स्पष्ट बोलते. परक्या माणसांनी, दुसऱ्याच जगांनी भरलेल्या डोळ्यांनी, हिची गाणी लिहिली. आबनुसी स्फिंक्स म्हटलं, मदमस्त प्रेयसी म्हटलं, पण ती त्यांच्या शब्दांत मावली नाही. बरं झालं, म्हणते नोएमिया, त्यामुळे तिला गाण्याचा मान आम्हाला उरला. आणि ज्या एका हाकेत तिला ती सामावून घेते ती म्हणजे 'आई'. हे मला पूर्वी थोडं सोपं वाटायचं. आज गल्लीत, पत्र्याच्या दाराशी पाण्याचे पिवळे डबे भरून ठेवणाऱ्या बायका पाहिल्या, आणि सोपं वाटेना. ज्या बाईला कागदोपत्री फक्त मोलकरीण म्हणून जागा होती तिला कवितेत आई म्हणून बसवलं आहे.

संग्रहालयात 'ओ ब्रादो आफ्रिकानो' या वृत्तपत्राबद्दल बोलणं निघालं. आल्बासिनी बंधूंनी 1918 मध्ये काढलेलं हे पत्र, पोर्तुगीज आणि रोंगा अशा दोन भाषांत निघायचं. नोएमिया त्यात लिहायची. पोलिसांचं लक्ष होतंच. 1951 मध्ये ती लिस्बनला गेली. तिथे साम्राज्याच्या निरनिराळ्या वसाहतींतून शिकायला आलेले आफ्रिकी तरुण जमत होते, पुढे स्वातंत्र्यलढ्यांचे नेते झालेले गिनी-बिसाऊचे अमिल्कार काब्राल, अंगोलाचे आगुश्तिन्यो नेतो हे त्यांतले. 1953 मध्ये तिथे निघालेल्या पोर्तुगीज भाषेतल्या काळ्या कवितेच्या छोट्या संकलनात ती होती.

निघताना आवारात काही बायका तुफो नाचाची तालीम करत होत्या. उत्तरेकडच्या मकुआ मुस्लिम बायकांचा हा नाच, डफ आणि एकसारख्या कापुलाना. तिची 'विनवणी' कविता आठवली: आमच्यापासून जमीन घ्या, शेत घ्या, झोपडी घ्या, सूर्याचा उजेडही घ्या, पण गाणं नेऊ नका. तालमीत एक मुलगी सारखी चुकत होती आणि म्होरकी बाई तिला दर वेळी थांबवून हाताला धरून पाऊल दाखवत होती.

गुरुवार

लेखक संघटनेच्या इमारतीत गेले, चोवीस जुलै मार्गावर. याच संघटनेने 2001 मध्ये नोएमियाचं 'सांगे नेग्रो' (काळं रक्त) हे एकुलतं एक पुस्तक काढलं. कविता लिहून झाल्यावर पन्नास वर्षांनी. तोवर त्या टंकलिखित आणि हातोहात फिरणाऱ्या प्रतींतून, संकलनांतून जगल्या.

तिथे एका निवृत्त शिक्षिकेशी बोलणं झालं. या कविता त्यांनी शाळेत वर्षानुवर्षं शिकवल्या. मी त्यांना तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात: नंतर तिने लिहिणं का थांबवलं? लिस्बन, मग 1964 पासून पॅरिस, मग पुन्हा लिस्बन. नोकरी, भाषांतरं, वृत्तसंस्थेतलं काम, संसार, मुलगी. कविता जवळजवळ नाहीच. बाई म्हणाल्या, "क्रावेरिन्याला कुणी विचारत नाही की त्याच्या घरी स्वयंपाक कोण करायचं."

मी यावर संध्याकाळभर विचार केला. घर, नोकरी, परागंदा होणं, हे सगळं खरं. पण मला आणखी एक वाटतं. तिची कविता 'आम्ही'तून लिहिलेली आहे. काटेंबेची पोरं, धक्क्यावरच्या बाया, शेजारच्या गल्लीतला आवाज. पॅरिसमध्ये तो आवाज कानावर पडत नव्हता. उसन्या आठवणींवर कविता पाडत बसणं तिला जमलं असतं, नाव होतंच. तिने ते केलं नाही, आणि म्हणून मी तिचा आदर करते. तिचं पुढचं गप्प राहणं अपयशाच्या खात्यात मांडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

शुक्रवार

दादाबरोबर शामानकुलो वस्तीच्या बाजूने गेलो. इथे 1950 च्या सुमारास जिवा जमाल थराणी या भारतीय व्यापाऱ्याने काजूचा कारखाना काढला. खेड्यांतून नवरे खाणीत गेलेल्या, टाकलेल्या, विधवा बाया इथे बी फोडायला आल्या. त्या या कारखान्याला 'ताराना' म्हणत. म्हणजे जी वर्षं नोएमिया मफालालात लिहीत होती, त्याच वर्षांत मागाइसाच्या बायका इथे काजूच्या तेलाने हात भाजून घेत होत्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजूत जगात आघाडीवर होता. नव्वदीत जागतिक बँकेच्या अटींमुळे कच्च्या काजूवरचा निर्यातकर घटला, बी भारतात जाऊ लागलं आणि इथले कारखाने बंद पडून हजारो कामगार, त्यांत कितीतरी बाया, घरी बसले. दादा हे सांगताना गंभीर होता. ज्या बियांवर त्याचं घर चालतं त्याच बियांची ही गोष्ट आहे, हे त्याला पुरतं ठाऊक आहे.

रात्री वहिनींना 'मागाइसा' मराठीत वाचून दाखवली. त्या तांदूळ निवडत होत्या, ओव्हरकोट आणि मोज्यांपाशी हात थांबला. त्यांचे वडील परळच्या गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर गावी परतले ते खोकला घेऊनच. "बाबा आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत माझ्यासाठी प्लॅस्टिकची बाहुली होती," त्या म्हणाल्या. "आईने ट्रंक उघडलीच नाही चार दिवस." मग त्यांनी मला कविता परत पहिल्यापासून वाचायला लावली.

त्यांच्या मावशी वेंगुर्ल्याला काजू कारखान्यात बी फोडायला जातात. तिथे जेवणाच्या सुट्टीत ही कविता आणि बंदरावरच्या पोरींची कविता वाचून दाखवायची, असं वहिनींनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे. मावशींना फोनही करून झाला. त्यांनी एवढंच विचारलं, सुट्टी अर्ध्या तासाची असते, तेवढ्यात बसेल ना?